घरच्या घरी उंदीरपालन: नवशिक्यांसाठी सोलापुरी पद्धत

माझा भाचा दिवाळीच्या सुट्टीत सोलापूरला आला आणि शेंगाचटणीत दही कालवता कालवता म्हणाला, "मामा, मी अजगर पाळायलोय."

त्याच्या आईने हातातलं लाटणं खाली ठेवलं. मी म्हणालो, "काय करायलाव बे? पुण्यात राहून डोकं फिरलं का?"

मग त्याने समजावून सांगितलं. अजगर म्हणजे आपल्याकडचा नव्हे, आफ्रिकेतला बॉल पायथन. घाबरला की अंगाचा चेंडू करून डोकं आत लपवतो, म्हणून ते नाव. आठवड्या-दहा दिवसांतून एक उंदीर दिला की त्याचं भागतं. अडचण फक्त उंदरांची. गोठवलेले उंदीर विकत घेणं खिशाला परवडत नाही, म्हणून ते घरीच वाढवायचे. "पण कसे वाढवायचे, हे मराठीत कुणी नीट लिहिलेलंच नाही," अशी त्याची तक्रार.

मला भरून आलं. ज्या गावात उंदरांचं उत्पादन पिढ्यान्‌पिढ्या बिनभांडवली आणि विनाप्रशिक्षण चालू आहे, त्या गावच्या पोराला हे शिकायला पुस्तक लागावं? आपण अनुभव घेतला, पण लिहून ठेवला नाही. ती उणीव भरून काढण्यासाठी हा खटाटोप.

१. वाण निवडा

प्रयोगशाळेतला पांढरा उंदीर आणि आपल्या माळ्यावरचा करडा उंदीर, दोघांचं शास्त्रीय नाव एकच: मुस मस्क्युलस. फरक संगोपनाचा. पांढऱ्याला वीस ते सव्वीस अंशांत ठेवावं लागतं. सोलापूरचा मे महिना त्रेचाळीस-चव्वेचाळीस अंशांवर जातो. म्हणजे कूलर उंदराच्या पेटीकडे आणि आपण वर्तमानपत्राने वारा घ्यायचा. करड्याला यातलं काही लागत नाही. तो पाण्याच्या पिंपामागे गारव्याची जागा आपली आपण शोधतो. नवशिक्याने करडाच धरावा.

वाण ओळखताना दोन चुका टाळा. घूस मोठी दिसते म्हणून मोहात पडू नका. ती घराचा पाया पोखरते आणि अंगणात मातीचे ढीग लावते. आणि चिचुंद्री हा उंदीरच नव्हे. लांब सोंड, बारके डोळे, उग्र वास. ती किडे-झुरळं खाते. तिला उंदीर समजून मारणारे लोक झुरळांच्या नावाने पुन्हा वेगळे ओरडतात.

२. जागा

पुस्तकी पद्धतीत झाकणाची प्लॅस्टिकची पेटी, जाळी आणि लाकडाचा भुसा सांगतात. सोलापुरी पद्धतीत ज्वारीचं पोतं पुरतं. ते थेट फरशीवर ठेवा आणि भिंतीला अगदी चिकटवा. उंदीर मोकळ्यावरून धावत नाही. तो मिशांनी भिंत चाचपत तिच्या कडेकडेने पळतो. पोतं आणि भिंत यांच्यामधली बोळ त्याला राजरस्त्यासारखी वाटते.

आत येण्यासाठी दार उघडं ठेवायची गरज नाही. लहान उंदराला साधी पेन्सिल जाईल एवढी, म्हणजे सहा-सात मिलिमीटरची फट पुरते. दाराखालची फट, मोरीचं जाळी नसलेलं तोंड, नळासाठी भिंतीला पाडलेलं आणि पुढच्या उन्हाळ्यात बुजवू म्हणून ठेवलेलं भोक, यांतलं एक तरी प्रत्येक घरात असतंच. तुमच्याकडे तिन्ही असतील तर तुम्ही नवशिके नाही आहात. हे प्रकरण सोडून पुढे जा.

३. अंथरूण

इथे सोलापूरचा हात धरणारं कुणी नाही. इतर ठिकाणी उंदरीण कागद नाहीतर गवत कुरतडून घरटं करते. आपल्याकडे यंत्रमागावरचं सूत, टॉवेलची कात्रणं, चादरीच्या दशा, असा सगळा उंची माल आहे.

गेल्या वर्षी पाहुणे येणार म्हणून मी लोखंडी ट्रंक उघडली. तिच्या एका कोपऱ्याला गंजून भोक पडलं होतं, ते तेव्हाच कळलं. वरची लाल-हिरवी चादर उचलली तर खाली अर्ध्या नारळाएवढा मऊ गोळा, लाल-हिरव्याच सुताचा. त्यात सात पिल्लं. केस नाहीत, डोळे मिटलेले, रंग गुलाबी, आणि कातडी इतकी पातळ की पोटातलं दूध पांढऱ्या ठिपक्यासारखं बाहेरून दिसत होतं. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे, हे त्या आईच्या गावीही नव्हतं. तिने काठापासून सुरुवात करून मधल्या फुलापर्यंत मजल मारली होती.

४. दाणापाणी

उंदीर दिवसाला तीन-चार ग्रॅम खातो, म्हणजे चिमूटभर. पण तो एका जागी बसून जेवत नाही. इथे कुरतड, तिथे कुरतड, असं रात्रभर चालतं. खाण्यापेक्षा नासधूस जास्त. शिवाय दिवसाला पन्नासच्या आसपास लेंड्या तो त्याच धान्यात सोडतो. आपण ते चाळतो, पाखडतो आणि दळून आणतो. मंगळवेढ्याची मालदांडी असेल तर पैदास विशेष चांगली होते. शेंगदाण्याचं पोतं हा सणावाराचा खुराक समजावा.

पाण्याची काळजी नको. सोलापूरच्या नळाला काही दिवसांआड पाणी येतं, आणि घरचा उंदीर दाण्यातल्या ओलाव्यावर बराच तग धरतो. एवढ्या कमी पाण्यात कुरकुर न करता संसार करणारा नागरिक महापालिकेला शोधून सापडायचा नाही.

५. जोडी आणि हिशेब

पुस्तकात एका नराला तीन माद्या सांगितल्या आहेत. गर्भारपण एकोणीस ते एकवीस दिवसांचं. एका वेळी साधारण सहा-सात पिल्लं, कधी दहाही. चौदाव्या दिवसाच्या सुमारास डोळे उघडतात, एकविसाव्याला दूध तुटतं आणि सहाव्या आठवड्यात पोरगी लग्नाला येते. बाळंतीण त्याच दिवशी पुन्हा गाभण राहू शकते. एका मादीची वर्षाला पाच ते दहा बाळंतपणं धरली तर पिल्लं पन्नाशीच्या घरात जातात, आणि यात लेकींची लेकरं धरलेली नाहीत.

पेटीत पाळणाऱ्यांनी एक जपावं. नुकत्याच गाभण राहिलेल्या मादीला परक्या नराचा वास आला तर गर्भ टिकत नाही, हे हिल्डा ब्रूस या शास्त्रज्ञ बाईंनी १९५९ मध्ये दाखवून दिलं. म्हणून नर सारखे बदलू नयेत. माळ्यावर पाळणाऱ्यांना ही चिंता नाही. तिथे लग्नं आपण जुळवत नाही.

हा हिशेब गंमतीचा वाटत असेल तर बीड जिल्ह्याकडे बघा. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. बीडकडचेही लोक भीतीने पडक्या घरांबाहेर राहू लागले, धान्य आतच राहिलं. माणूस गेला, दाणा राहिला. उंदरांना आणखी काय हवं? पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये बीडजवळच्या मामला गावात गाठीच्या प्लेगचे रुग्ण नोंदले गेले, आणि उंदीर का वाढले याचं कारण देताना त्या बेवारस धान्याकडेच बोट दाखवलं गेलं. कुणी पेटी मांडली नव्हती, जोड्या लावल्या नव्हत्या. पैदास तरीही झाली.

६. आता साप

उंदीर तयार झाले, खाणारा हवा. इथे भाच्याने कान देऊन ऐकावं.

बॉल पायथनसारखा परदेशी प्राणी घरात ठेवायचा तर २०२४ च्या नियमांप्रमाणे 'परिवेश' संकेतस्थळावर त्याची नोंदणी करावी लागते. कुठून आणला याचे कागद लागतात. आपल्या मातीतला साप, मग तो नाग असो, धामण असो की मांडूळ, घरात ठेवणं हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. बरणीत नको, टोपलीत नको, 'दोन दिवस पोरांना दाखवतो आणि सोडतो' म्हणूनही नको.

मग काय करायचं? काहीच नाही. पहिल्या पाच पायऱ्या नीट पार पाडल्या असतील तर साप आपण होऊन येतो.

उंदीर ज्या वाटेने पळतो तिथे मुताचा वास सोडत जातो. साप जीभ लपलपवतो ती तो वास उचलण्यासाठी. जिभेची दोन टोकं वासाचे कण टाळूतल्या खास इंद्रियाकडे पोचवतात, आणि माग डावीकडे गेला की उजवीकडे हे त्याला कळतं. भिंत, पोतं, बोळ, ट्रंक, असा तुमच्या घराचा सगळा नकाशा तो अंगणातच वाचतो. जुळे सोलापुरातल्या आमच्या घरी आलेली धामण मोरीतून आली, पोत्यामागे गेली आणि पाचेक मिनिटांनी पोटाला फुगवटा घेऊन आल्या वाटेने परत गेली. आम्ही चौघं पलंगावर उभे होतो. तिने आमच्याकडे बघितलंही नाही.

आपल्या जिल्ह्यातल्या शेटफळ गावाची नागांशी असलेली जवळीक लोक कौतुकाने सांगतात. ज्याला नाग घरी यावा असं वाटतं, त्याने एवढं ध्यानात घ्यावं की साप दूध पीत नाही. नागपंचमीला त्याच्यापुढे वाटी ठेवू नका. त्याचा रतीब तुमच्या घरी आधीच लागला आहे, आणि तो उंदरांचा आहे.

७. नेहमीच्या अडचणी

साप पुन्हा पुन्हा येतो: याचा अर्थ खानावळ चांगली चालली आहे.

साप मारला, आता उंदीर फार झाले: होणारच. जेवणारा मेला तरी वाढपी थांबलेला नाही. थोड्या दिवसांनी दुसरा साप येईल. पहिली धामण होती. दुसरी धामणच असेल असं कुणी लिहून दिलेलं नाही.

उंदरांना औषध घातलं: विषाने झिंगलेला उंदीर मांजराला आणि घुबडाला आधी सापडतो. उंदीर खाणारेच कमी झाले की तुमची पैदास आणखी जोमाने वाढते.

साप चावला: इथे थट्टा संपली. भारतात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने वर्षाला सरासरी अठ्ठावन्न हजार माणसं गेली, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. त्यातली बहुतेक खेड्यातली. कापू नका, चोखू नका, आवळून बांधू नका, मांत्रिकाकडे नेऊ नका. चावलेला हात किंवा पाय हलू न देता माणसाला दवाखान्यात पोचवा. तिथे मिळणारी लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारही विषांवर चालते. आणि ही लस किती गुणकारी आहे याची परीक्षा होते पांढऱ्या उंदरांवर: विष आणि लस मिसळून टोचायची आणि उंदीर जगतो का ते बघायचं. सापासाठी उंदीर वाढवण्याचं काम याहून मोलाचं मला दुसरं माहीत नाही. ते प्रयोगशाळेत चालतं, आणि तिथे एकेका उंदराची नोंद असते. आपल्या माळ्यावरच्यांची नाही.

८. धंदा बंद करायचा असल्यास

हे सगळ्यात कमी खर्चाचं प्रकरण आहे, म्हणून बहुधा कुणी वाचत नाही. धान्य पत्र्याच्या कोठीत, झाकण घट्ट. पोतं ठेवायचंच तर विटांवर किंवा फळीवर, भिंतीपासून वीतभर लांब. मोरीला बारीक जाळी, दाराखाली पट्टी, भोकाला सिमेंट. कडब्याची गंज, सरपण आणि गोवऱ्या घराच्या भिंतीला लावून रचू नका. खरकटं रात्रभर ओट्यावर ठेवू नका, कचरा सकाळी घंटागाडीत टाका. उंदीर उपाशी राहिला की घर बदलतो, आणि साप त्याच्या मागोमाग जातो.

भाच्याने हे सगळं वाचलं. कागदपत्रांची यादी बघून अजगराचा विचार त्याने सध्या पुढे ढकलला आहे. जाताना त्याने ट्रंकेचं भोक तेवढं पत्रा ठोकून बुजवून दिलं.

तुम्हीही आज झोपण्याआधी एक करा. ज्वारीचं पोतं भिंतीपासून पुढे ओढा. मागे बघायला बॅटरी घ्या, हात घालू नका. साप दिसला तर वनविभागाचा क्रमांक १९२६, चावला तर रुग्णवाहिकेचा १०८. दोन्ही आत्ताच लिहून दाराच्या आतल्या बाजूला चिकटवा. उंदीर पोचणार नाही एवढ्या उंचीवर.