पक्कं?

कापूस खरेदी केंद्रावर तीन गोष्टी हमखास दिसायच्या: काटा, बैलगाड्यांची न संपणारी रांग आणि ग्रेडरच्या मागं दोन पावलं अंतर राखून चालणारं एक भेदरलेलं पोरगं. 1988 च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यातल्या एका केंद्रावर ते पोरगं मी होतो. खिशात कृषी पदवी होती, आणि ती खिशातच राहील याची काळजी ग्रेडरभाऊ घेत होते.

भाऊंना नाव होतं, पण ते फक्त पगारपत्रकावर. गुडघ्याला पांढरा झालेला सफारी, भुवयांत अडकलेली रुई आणि गालात खर्रा. खर्रा ताजा असेपर्यंत भाऊ बोलत नसत. मग कापसाची प्रत भुवईवरून ओळखायची. डावी वर गेली तर माल चांगला, दोन्ही खाली आल्या तर कवडी. कवडी म्हणजे किडका, डागी, झाडावरच अर्धवट उकललेला कापूस. हा शब्द ते मालासाठी आणि माझ्यासाठी सारख्याच मायेनं वापरत.

पहिल्या दिवशी त्यांनी एका गाडीतून मूठभर कापूस काढून माझ्या हातात कोंबला.

“बोल.”

“मला वाटतं, एफएक्यू दर्जा...”

“वाटतं? काय वाटतं? चटनी? पाटा-वरवंटा आनून देऊ का तुले?”

रांगेतले शेतकरी हसले. माझी खात्री आहे की बैलही हसले.

त्यानंतर ‘वाटतं’ हा शब्द मी टाकला. पण भाऊंचं खरं हत्यार दुसरंच होतं. मी काहीही सांगितलं की ते खर्रा एका गालातून दुसऱ्या गालात न्यायचे आणि म्हणायचे, “पक्कं?”

बस्स. एवढंच. मी लगेच उत्तर बदलायचो. ते पुन्हा म्हणायचे, “पक्कं?” मी परत पहिल्यावर यायचो. एका गाडीला मी चार वेळा दर्जा बदलला, तेव्हा गाडीवाले आबाजीच कळवळून म्हणाले, “लेका, तू घरी जाय बापा, माया कापूस खराबच हाय असं लिही.”

आबाजींचा कळवळा समजून घेण्यासारखा होता. राज्यात 1972 पासून एकाधिकार खरेदी होती. कापूस सरकारलाच द्यायचा, दुसरं गिऱ्हाईक नाही. राज्याबाहेर भाव बरा असला की पैनगंगा ओलांडून रात्री आदिलाबादकडं गाड्या जात, आणि ती वाट नाक्यावरच्या लोकांखेरीज साऱ्या जिल्ह्याला ठाऊक होती. पण साध्या माणसाला ग्रेडरच्या तोंडून निघेल तोच दर्जा. वर्षभराची मेहनत एका शब्दावर तोलली जायची आणि तो शब्द माझ्यासारखा थरथरणारा असला, तर माणसानं दोन रात्री रांगेत कुडकुडायचं कशासाठी?

शिकवण्याची भाऊंची रीत अशी की शिकवायचं नाही. चिमूटभर रुई दोन्ही अंगठ्यांत धरून ओढायची, तंतू सरळ करत आणायचे आणि उरलेल्या झुपक्याची लांबी नजरेनं सांगायची, हे ते माझ्यापुढं करत आणि पाठ फिरवत. ओलावा बघायचा तर मूठ दाबून सोडायची. कोरडा कापूस फुलून वर येतो, ओला गोळा होऊन बसतो. तरी शंका राहिली तर सरकी दाताखाली धरायची. कट्ट वाजली तर कोरडी, चेपली तर ओली. मी महिनाभर इतकी सरकी चावली की घरच्या म्हशीनं माझ्याकडं आपुलकीनं बघायला सुरुवात केली.

एकदा भाऊंनी एकाच गाडीतला कापूस दोन टोपल्यांत घालून समोर ठेवला. मी दोन दर्जे सांगितले आणि दोघांतला फरकही विस्तारानं समजावून दिला. भाऊंनी शांतपणे ऐकून घेतलं. मग हमालांना हाक मारली. “या रे, साहेबाचं कीर्तन हाय.”

जानेवारीत एक पाटील आले. गाड्या पाच, मिशी एक, पण पाचही गाड्यांना पुरेल अशी. मी मूठ दाबली, गोळा झाला. सरकी चावली, चेपली.

“ओला आहे. परत न्या, वाळवा.”

“कोनाचा बे तू?” पाटलांनी विचारलं.

मागून आवाज आला, “पक्कं?”

माझ्या पोटात गोळा आला, तोही ओलाच असावा. पण सरकीची चव अजून जिभेवर होती, आणि तिला पाटील कोण ते माहीत नव्हतं.

“पक्कं.”

“परत पाह्य.”

“पाहिलं. पक्कं.”

पाटील तडक भाऊंकडं वळले. भाऊंनी खर्रा थुंकला. दुपारी दोनच्या आत हे कधी घडलं नव्हतं. “मले काहून विचारता, पाटील? दर्जा त्याईनं सांगतला.” आणि गाड्यांना हात न लावता ते पुढं निघून गेले. शाबासकी वगैरे काही नाही. संध्याकाळी चहा मात्र दोन आले, आणि माझ्या कपाचे पैसे माझ्याच नावावर लिहिले होते.

पुढं एकाधिकार संपला. भाऊ निवृत्त झाले, तरी थंडी पडली की एका खासगी जिनिंगच्या दारात खुर्ची टाकून बसत. मी भेटायला गेलो तेव्हा तिथं ओलावा मोजायचं यंत्र आलं होतं. हमीभावाच्या खरेदीत ओलावा 8 टक्क्यांपर्यंत असला तर पूर्ण भाव, त्यावर कपात आणि 12 च्या पुढं गाडी परत. यंत्र हाताळणारा नवा पोरगा मोठ्या ऐटीत होता. त्यानं कापसात सळई खुपसली, आकडा आला 11.

भाऊंनी खर्रा या गालातून त्या गालात नेला. यंत्राकडं बघून म्हणाले, “पक्कं?”

पोरगा गडबडला. सळई काढून दुसऱ्या बाजूनं खुपसली. आकडा आला 13.

भाऊंची डावी भुवई वर गेली. “हे बी तुयासारखंच निघालं बे,” ते मला म्हणाले आणि मूठ भरायला गाडीकडं वाकले.