तोंडी नऊ, नाकी अकरा

(हृदयशस्त्रक्रियेच्या ओटीत नव्याने दाखल झालेल्या निवासी डॉक्टरांसाठी)

साहित्य: तीन किलोचं बाळ, श्वासनलिकेत घालायची साडेतीनची ट्यूब आणि दोन वरिष्ठ भूलतज्ज्ञ, एक तोंडपंथी, एक नाकपंथी. शेवटचे दोघे मागवावे लागत नाहीत, आधीच हजर असतात.

बाळाच्या महारोहिण्यांची अदलाबदल झालेली आहे. त्यामुळे मॉनिटरवर ऑक्सिजन पंचाहत्तर दिसला तर किंचाळू नका, त्याचं तेच नेहमीचं आहे. घाबरायचं ते पुढे. वजनाच्या मानाने बाळाला मोठ्या माणसाच्या दुप्पट ऑक्सिजन लागतो आणि फुप्फुसात शिल्लक जवळपास नसते. वाद घालायचाच असेल तर भूल देण्याआधी घाला.

तोंडाचा मार्ग जलद. बाळाची जीभ मोठी, स्वरयंत्र उंचावर, म्हणून सरळ पात्याचा लॅरिंगोस्कोप घ्या. ट्यूब गेली? कार्बन डायऑक्साइडची लाट स्क्रीनवर उमटेपर्यंत अभिनंदन स्वीकारू नका. तोंडपंथी मिशीत हसतो. तेवढ्यात अन्ननलिकेतून इको करणारे आपला प्रोब घेऊन येतात आणि त्यांनाही तोंडच हवं असतं. प्रोब वळला की ट्यूब हलते, लाळेने चिकटपट्टी सुटते. बाळाची श्वासनलिका अवघी चार-पाच सेंटिमीटर. हनुवटी छातीकडे झुकली की ट्यूब आत उतरते, मान मागे ताणली की वर येते.

नाकाचा मार्ग संथ. आधी नाकात रक्तवाहिन्या आकसवणारे थेंब, मग जेली, मग घशातून मॅगिल यांच्या चिमट्याने ट्यूब पुढे सरकवणं. (हे मॅगिल पहिल्या महायुद्धात चेहरे छिन्न झालेल्या सैनिकांना इंग्लंडमध्ये भूल देत. तोंड सर्जनच्या ताब्यात गेल्यावर नाकाशिवाय उरतं काय?) फायदा पक्का: ट्यूब घट्ट बसते, तोंड प्रोबला मोकळं राहतं, आयसीयूत बाळ जिभेने ती ढकलत नाही. पण बायपासआधी हेपॅरिन द्यावं लागतं, आणि मग नाकातला ओरखडाही वाहत राहतो. नाकातून रक्त आलं की नाकपंथीयाचं तोंड मिटतं. नाकपुडीच्या कडेला दाबाने जखम होते, ती वेगळीच.

माझं मत कोणी विचारलेलं नाही, तरी सांगतो. व्हेंटिलेटर काही तासांत सुटणार असेल तर तोंडातली ट्यूब राहू द्या. दिवस लागणार असतील तर आधी तोंडातून, आणि बाळ स्थिरावल्यावर, हेपॅरिनच्या आधी, नाकातून. मात्र बदलताना हातातली वाट सुटू शकते, म्हणून हे काम नवशिक्याने नव्हे, नाकपंथीयानेच करावं. त्याचाही अहंकार सुखावतो.

शेवटी ट्यूबच्या खोलीची नोंद, सेंटिमीटरमध्ये. किलोत सहा मिळवा: तीन किलोला ओठापाशी नऊ. नाकी नऊ येतात असं म्हणतात, इथे मात्र ते तोंडी येतात, नाकी साडेदहा-अकरा. कागदावर आकड्याशेजारी ‘ओठ’ की ‘नाकपुडी’ तेही लिहा. नुसतं ‘अकरा’ वाचून रात्रपाळीवाल्याने तोंडातली ट्यूब तिथवर सरकवली, तर डावं फुप्फुस संपावर जातं आणि फोन तुम्हालाच येतो.