हात जपणारा दादूस

हमरापुरात कामाला तोटा नाही, त्यामुळे तिथे निवांत बसलेला माणूस लगेच नजरेत भरतो. मुंबई-गोवा महामार्गावरून फाट्याला आत वळलं की घरांपेक्षा कारखानेच जास्त लागतात. कारखाना म्हणजे धुराडं आणि भोंगा नव्हे. पत्र्याची शेड, वर ताडपत्री आणि आत फळ्यांवर ओळीने बसलेले पांढरेफटक गणपती. हमरापूर, जोहे, तांबडशेत, कळवे या पट्ट्यात असे कारखाने शेकड्यांनी आहेत. विसर्जनाचे ढोल थांबतात न थांबतात तोच पुढच्या वर्षाच्या ओतकामाची बोलणी सुरू. कोणी रबरी साच्यात प्लॅस्टर ओततोय, कोणी काथ्या पिंजतोय, बायका पॉलिश पेपर घेऊन घिसाईला बसल्यात, टेम्पोवाला हॉर्न वाजवून गाव डोक्यावर घेतोय. आणि या धुरळ्यापासून दहा पावलांवर, पडवीतल्या झोपाळ्यावर, गळ्यात टॉवेल टाकून एक माणूस पायाच्या अंगठ्याने जमिनीला रेटा देतोय.

हा दादूस. प्रत्येक आळीत एक असतोच. कोणाकडे झोपाळा, कोणाकडे बापाची आरामखुर्ची, कोणाकडे एका पायाने अधू झालेली प्लॅस्टिकची खुर्ची. फरक काय तो सामानाचा. आळशी म्हणावं तर गावातले लोक तुम्हालाच वेड्यात काढतील, कारण दादूस आखणीवाला आहे. तो गणपतीचे डोळे काढतो.

मूर्ती एकाच्या हातची कधीच नसते. ओतणारा वेगळा, जोडकाम करणारा वेगळा, घिसाई वेगळ्या हातांची, अंगाचा रंग मशीनवाल्याचा, पितांबर आणि सोनेरी दुसऱ्याची, हिरे चिकटवणाऱ्या मुली तिसऱ्या. सगळ्यांचं काम चुकलं तरी त्यावर रंगाचा एक हात मारता येतो. डोळ्यांचं तसं नाही. गिऱ्हाईक कारखान्यात शिरलं की सोंड बघत नाही, मोदक बघत नाही, डोळ्यांत बघतं. पापणीची रेघ केसभर वर गेली तर देव चिडलेला दिसतो, खाली आली तर पेंगुळलेला. बुबुळं इकडची तिकडे झाली तर काय दिसतं ते मी लिहीत नाही. तेव्हा आखणीवाल्याचा हात म्हणजे कारखान्याचं भांडवल, आणि ते जपण्याची जबाबदारी दादूसने स्वतःवर घेतलेली आहे. बारा महिने.

या जबाबदारीचा पसारा मोठा आहे. पाण्याची बादली उचलली की मनगटावर ताण येतो. गॅसचा सिलिंडर म्हणजे तर खांद्यापासून हात कामातून गेला. नारळ सोलणं, दळण आणणं, माळ्यावरची भांडी काढणं, पोराच्या सायकलची चेन बसवणं ही सगळी हाताची शत्रू मंडळी. कोणी काही सांगितलंच तर उत्तर ठरलेलं: "आरं, हात गेला तर डोलं कोन काढंल? तू?"

यावर कोणाकडेच उत्तर नसतं. त्याच्या बायकोकडे, वयनीकडे असतं.

"आणि रात्री बारा-बारापर्यंत पत्ते पिसता, तेव्हा हात जात नाय?"

"पत्त्यानं बोटं मोकली होतात," दादूस म्हणतो. त्याचा चेहरा इतका गंभीर असतो, की एखाद्या हाडाच्या डॉक्टरानेही ते लिहून घ्यावं.

झोपाळा शिसवी, आजोबांच्या वेळचा, पितळी कड्यांचा. एक कडी कुरकुरते. तिला तेल घालायचं तर हात डोक्याच्या वर न्यावा लागतो, म्हणून ती कुरकुर गेली कित्येक वर्षं घरात नांदते आहे. तिचा उपयोग वयनीला होतो. कुरकुर चालू आहे तोवर दादूस जागा आहे. थांबली की झोपला. तिला एखादं काम सांगायचं असेल तर कुरकुर चालू असताना सांगावं लागतं, आणि हे दादूसला माहीत असल्यामुळे तिची पावलं वाजली की कुरकुर थांबते.

त्याच्या आरामाला शिस्त आहे, हे मात्र मान्य करायला हवं. सकाळचा चहा झोपाळ्यावर येतो, काचेच्या ग्लासात, कारण स्टीलच्या कपाने बोटाला चटका बसेल. दहाला दुसरा. दुपारी तांदळाची भाकरी, सुक्या जवळ्याची चटणी, असेल तर खाडीच्या कोळंबीचं कालवण. मग कोब्याच्या गार जमिनीवर पाठ टेकायची. गादी नको, पंखा नको. वीज कधी जाईल त्याचा भरवसा नाही, कोबा कुठे जात नाही. उशी म्हणजे तोच गळ्यातला टॉवेल, चार पदरी. चारला उठून ओट्यावर येणं. ओट्याचा उपयोग येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवण्यासाठी. "कंला घाई करतंस? बस जरा." या एका वाक्याने त्याने किती टेम्पो उशिरा सोडले असतील याचा हिशेब कारखानदारांकडे असणार.

मुंबईहून येणारे पाहुणे त्याला पाहून हळहळतात. ते 'रिलॅक्स' व्हायला आलेले असतात. पनवेल ते इंदापूर रस्ता रुंद करायचं काम २०११ साली सुरू झालं आणि तेव्हापासून पाहुणा हमरापुरात पोचतो तो आधी कंबर धरूनच. त्याने सोबत घडीची खुर्ची आणलेली असते, गाणी ऐकायचं यंत्र असतं, डासांचं मलम, थंड पाण्याचा डबा, आणि मानेभोवती घालायची एक फुगीर उशी. तासभर सगळं मांडण्यात जातो. मग तो बसतो, दोन मिनिटांनी फोन बघतो, उठतो, रेंज शोधत पाणंदीत जातो, परत येतो. दादूस झोपाळ्यावरून हे सारं बघत असतो. "तुमचा पावना आजारी हाय का?" त्याने एकदा वयनीला हळूच विचारलं.

घराबाहेरचा आरामही दादूसला वर्ज्य नाही, फक्त तिथे त्याला एखादं पद लागतं. थंडीत, वालाच्या शेंगा भरल्या की पोपटी लागते. मोठं मडकं, आत भांबुर्डीचा पाला, वालाच्या शेंगा, ओवा, जाडं मीठ, मसाला चोळलेली कोंबडी, बटाटे, अंडी. वरून पुन्हा पाला, पाण्याचा थेंब नाही. मडकं शेतात उपडं घालायचं आणि भोवती पेंढा-लाकडं रचून पेटवायचं. शेंगा तोडणं, पाला शोधणं, लाकडं वाहणं, जाळात डोळे लाल करून घेणं ही कामं पोरांची. दादूसचं काम एकच: "काढा" म्हणणं. तो बांधावर गोणपाट अंथरून पहुडतो, चांदणं बघतो, मधेच नाक वर करतो. पोरं विचारतात, "झाली का?" तो मान हलवतो, नाही. पुन्हा पहुडतो. मग कोणाला तरी मडक्यावर पाणी शिंपडायला सांगतो, चर्र असा आवाज ऐकतो, त्या आवाजावर थोडा विचार करतो आणि हुकूम देतो. खरं सांगायचं तर त्याच्या हुकमाने काढलेली पोपटी कधी कच्ची निघालेली मी पाहिली नाही, आणि जळलेलीही नाही. एका वर्षी पोरांनी त्याला न विचारता मडकं उघडलं. त्या रात्रीच्या शेंगा गाईने खाल्ल्या.

टेनिस बॉलच्या क्रिकेटचे सामने लागले की तो पंच नसतो, खेळाडू नसतो (बॅटीने मनगट जातं), माइकवरचा बोलणाराही नसतो. तो मांडवात पुढच्या खुर्चीवर बसून बोलणाऱ्याला चुका सांगतो. पहिल्या पावसात वलगणीचे मासे चढू लागले की अख्खा गाव जाळी, पाट्या, बॅटऱ्या घेऊन शेताच्या पाण्यात उतरतो. दादूस छत्री घेऊन बांधावर. मासा कुठून येणार ते त्याला कळतं; पकडायला दुसऱ्याने वाकावं, कारण पावसात ओल्या जाळ्याचं वजन तुम्हाला माहीतच आहे. वाटणी मात्र सारखी. खारेपाटात घराशेजारच्या तळ्यात जिताडा पाळायची रीत आहे, तिथे सोयऱ्याकडे गेला की तो गळ टाकून बसतो. मला वाटतं जगातला कुठलाही विश्रांतीचा प्रकार त्याला याहून आवडत नसेल: दिवसभर बसून राहायचं आणि कोणी विचारलं तर 'मासे धरतोय' म्हणायचं. गळ तो डाव्या हातात धरतो.

हा सगळा सुखाचा मामला एकाच वर्षी बिघडलेला मी पाहिला. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२० मध्येच प्लॅस्टरच्या मूर्तींना मनाई करणारे नियम काढले होते, पण ते पुढे ढकलले जात राहिले. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ते नीट पाळा म्हटलं आणि हमरापूर-जोह्यात घरटी एकच प्रश्न आला: ओतायचं की नाही? भावनगरकडची शाडू आणून हाताने करायचं म्हटलं तर ती सुकायला वेळ, फुटायला निमित्त, आणि एवढ्या मूर्ती त्या मातीत उरकणार कशा? नदीत प्लॅस्टर विरघळत नाही हे गावालाही दिसतं, पण कर्जाचा हप्ताही विरघळत नाही. शेड थंडावल्या. घिसाईवाल्या बायका घरी बसल्या. टेम्पो बंद. म्हणजे दादूसला हवी तशी शांतता गावभर पसरली होती.

त्या दिवसांत दादूस झोपाळ्यावर बसला नाही. ओट्यावर आला की लगेच आत जाई, आत गेला की परसात. दुपारी कोब्यावर पाठ टेके आणि कुशी बदलत राही. सगळा गाव राबत असताना एकट्याने बसण्यात जी लज्जत आहे ती सगळा गाव बसलेला असताना नाही, हे त्याला कळून चुकलं असावं. एकदा तर त्याने आपण होऊन विहिरीवरून कळशी आणली. वयनी घाबरली. तिने शेजारणीला बोलावून त्याच्या कपाळाला हात लावायला सांगितलं.

९ जूनला न्यायालयाने मूर्ती घडवायला आणि विकायला मोकळीक दिली; नैसर्गिक पाण्यात विसर्जनाला मात्र सहजी परवानगी नाही म्हणून बजावलं. चतुर्थी २७ ऑगस्टला. वर्षभराचं काम अडीच महिन्यांत. त्या संध्याकाळी समोरच्या शेडमध्ये कॉम्प्रेसर घरघरला, पांढरा धुरळा रस्ता ओलांडून पडवीत आला, वयनी खोकत दार लावायला धावली, आणि झोपाळ्याची कडी कुरकुरू लागली.

श्रावणात मात्र दादूसला बघावं. मी त्याच्याबद्दल जे काही वाकडं बोललो ते त्या पंधरा रात्रींसाठी मागे घ्यायला तयार आहे. बाकी तीनशे पन्नास दिवसांसाठी नाही. शेडमध्ये डोक्यावर दिवा, समोर फिरता पाट, बुडाखाली गोणपाटाची चौघडी. एक पाय पोटाशी, त्या गुडघ्यावर उजवं कोपर टेकवलेलं. कुंचल्याला मोजके केस. तो श्वास रोखतो, वरच्या पापणीची रेघ एका ओढीत काढतो, सोडतो. पुन्हा रोखतो, खालची. मग बुबुळ, मग त्यात पांढरा ठिपका. आता जो समोर बसलेला असतो तो तुमच्याकडे बघत असतो. पाट फिरतो, पुढचा येतो. बाहेर कारखानदार घड्याळ बघत येरझाऱ्या घालतोय, टेम्पो चालू ठेवलाय, ठाण्याच्या मंडळाचा माणूस फोनवर ओरडतोय. यापैकी कशाचीही घाई त्याच्या हाताला लागत नाही. वर्षभर बसायचा सराव असलेला माणूसच तसं बसू शकतो, असं त्याचं म्हणणं. वयनीला ते मान्य नाही. शेजारच्या शेडमध्ये तीही रात्रभर घिसाई करत असते, वर पहाटे उठून भाकऱ्या थापते, आणि तिचा हात कोणी जपलेला नसतो.

चतुर्थीच्या आदल्या रात्री शेवटचा टेम्पो जातो आणि हमरापूर झोपतं. ज्या दिवशी घराघरांत आरत्या चालू असतात त्या दिवशी इथले कित्येक कारागीर घोरत पडलेले असतात. म्हणून तर या भागात साखरचौथीचा गणपती: अनंत चतुर्दशी उलटली की येणाऱ्या संकष्टीला, भाद्रपद वद्य चतुर्थीला, मूर्तिकार आपला गणपती बसवतात. दुनियेचे गणपती करून झाले, आता आपला. दीड दिवस, पण निवांत.

दादूसच्या घरची मूर्ती शाडूची, हातभर उंचीची. गेल्या साखरचौथीच्या आदल्या संध्याकाळपर्यंत तिचे डोळे व्हायचे होते. दादूस म्हणत होता, करतो. दुपारी म्हणाला करतो, चहाच्या वेळी म्हणाला करतो. रात्री जेवून झोपाळ्यावर टेकला, तेव्हाही करतोच म्हणाला, आणि मग कुरकुर थांबली ती थांबलीच. वयनी अकरापर्यंत वाट बघत बसली. मग तिने हात धुतले, त्याचा कुंचला घेतला आणि दिव्याखाली बसली.

दुसऱ्या दिवशी दर्शनाला अख्खी आळी लोटली. म्हातारे कारखानदार चष्मा वर करून मूर्तीसमोर वाकले. "काय डोळे काढलेस दादूस! आतापर्यंतचे सगळे एका बाजूला. गिऱ्हाइकांना हे असे देत जा की." दादूसच्या तोंडात खिरापत होती. त्याने नुसती मान हलवली, नम्रपणे, ज्याला आपली किंमत माहीत आहे अशा माणसासारखी. मग त्याने मूर्तीकडे पाहिलं. जरा पुढे होऊन पुन्हा पाहिलं. पापणीची रेघ नीट निरखली. खिरापत चावायची थांबली.

वयनी चहाचा ट्रे घेऊन बाहेर आली. तिने सगळ्यांना ग्लास दिले, म्हाताऱ्यांना साखर विचारली, पोरांना बिस्किटं वाटली. ट्रे रिकामा झाला.

"आनि माझा?" दादूसने विचारलं.

"आत हाय," ती म्हणाली. "सैपाकाच्या ओट्यावर. घे जा."

दादूस उठला आणि आत गेला. चहा स्टीलच्या कपात होता.