कीपर कुठं उभा आहे?

फास्ट बॉलरचं वय जाणून घ्यायचं असेल तर आधार कार्ड मागू नका. विकेटकीपर कुठं उभा आहे ते बघा. माझ्या पंचविशीत आमचा कीपर इतका मागं राहायचा, की कॅच सुटल्यावर त्याला शिवी घालायची तर बोंबलावं लागे. तिशीत तो चार पावलं पुढं आला. पस्तिशीत आणखी चार. या विषयावर आम्ही कधी बोललो नाही. नवरा-बायको वाढत्या पोटाबद्दल बोलत नाहीत, तसंच.

तसं आमच्या घुग्घुसात वय लपवणं सोपं. कोळशाची धूळ पांढरे केस काळे करते, सिमेंटची काळे केस पांढरे करते; हिशेब फिटतो. त्यात आता टेनिस बॉलच्या नाईट टुर्नामेंटमध्ये ‘चाळीस प्लस’ गट निघालाय. ज्यानं एके काळी मिशी भादरून सोळा वर्षांखालच्या गटात सेंच्युरी ठोकली, तोच गडी आता अडतिशीत छातीठोकपणे बेचाळीस सांगतो. लहान पोरांसाठी क्रिकेट बोर्ड मनगटाचा एक्स-रे काढून हाडाचं वय ठरवतं. आमच्या गटात एक्स-रेची गरज नाही. खाली बसून उठायला लावा आणि गुडघ्याचा आवाज ऐका.

वय आधी बॉलरलाच का धरतं, याचं कारण पुढच्या पायात आहे. पळत येऊन तो पाय आपटला, की शरीराच्या वजनाच्या पाच-सहा पट भार त्याच्यावर येतो, कधी त्याहूनही जास्त. ओव्हरमध्ये सहा वेळा. विशीत हा मार कंबरेला बसतो, कारण मणक्याचं हाड अजून पक्कं झालेलं नसतं. म्हणून कोवळ्या फास्ट बॉलरना तिथं बारीक फ्रॅक्चर होतात. पस्तिशीत हाड पक्कं असतं, पण झटक्यात जोर लावणारे स्नायू ढिले पडतात आणि शिरा आखडतात. थोडक्यात, पोरांची कंबर जाते आणि काकांची पोटरी.

बॅट्समनला ही शिक्षा नाही. वसीम जाफर आपल्या विदर्भाकडून 2018-19 च्या रणजी मोसमात हजारावर रन काढून गेला, तेव्हा तो चाळिशी ओलांडत होता. लोक म्हणाले, काय अनुभव! त्याच मोसमात उमेश यादवनं वायनाडच्या सेमीफायनलमध्ये केरळच्या एका डावात 48 रनांत 7 आणि दुसऱ्यात 31 रनांत 5 गडी उडवले. दोन दिवसांत मॅच खलास. तेव्हा तो 31 वर्षांचा होता आणि तेव्हापासूनच पानठेल्यावर विचारणा सुरू झाली, ‘अजून किती वर्षं खेचन बे हा?’ एकतिसाव्या वर्षी आमच्याकडं माणसाची नोकरी पर्मनंट होत नाही आणि फास्ट बॉलरच्या रिटायरमेंटची चौकशी होते.

उमेश आमच्या खास जिव्हाळ्याचा. तो खापरखेड्याजवळच्या वलनीच्या कोळसा खाणीतल्या कामगाराचा पोरगा. वेकोली या कोळसा कंपनीच्या वसाहतीत वाढलेला प्रत्येक जण त्याला घरचाच समजतो. त्याच्या हाती लेदर बॉल आला तोच विशीच्या तोंडावर. 2008 मध्ये रणजी, 2011 मध्ये टेस्ट, पुढं 57 टेस्टमध्ये 170 विकेट. माझा आपला एक संशय आहे, की उशिरा सुरुवात झाली तेच त्याच्या पथ्यावर पडलं. बॉलरचं वय वर्षांत मोजायचंच नसतं, टाकलेल्या बॉलांत मोजायचं. कोचिंग क्लासच्या नादानं बाराव्या वर्षापासून रोज दीडशे बॉल टाकणारं पोरगं विसाव्या वर्षीच म्हातारं असतं. बापाला तो ‘उगवता तारा’ वाटतो, एवढाच फरक.

मग जिमी अँडरसनचं काय, असं माझे मित्र लगेच विचारतात. बेचाळिशीला आठवडे उरले असताना, जुलै 2024 मध्ये तो लॉर्ड्सवर शेवटची टेस्ट खेळला. 704 विकेट, चाळीस हजारांवर बॉल. त्याचं उदाहरण आमचे लोक असं देतात, जणू अँडरसनही रात्रपाळी करून, वर दोन प्लेट तर्रीपोहा हाणून मैदानात उतरत होता.

शहाणा बॉलर वयाशी भांडत नाही, त्याच्याशी सौदा करतो. श्रीरामपूरच्या झहीर खाननं 2006 मध्ये वूस्टरशायरकडून खेळताना रनअप छोटा केला, वेगाचा हट्ट सोडला आणि स्विंग, कटर अशी सगळी हत्यारं घासली. जास्त चांगला झहीर नंतरचाच. तरी 2011 मध्ये लॉर्ड्सवर पहिल्याच दिवशी मांडीचा मागचा स्नायू गेला. सौदा केला म्हणून पूर्ण माफी मिळत नाही.

स्पिनरांची गोष्टच निराळी. पद्माकर शिवलकर 1987-88 मध्ये मुंबईकडून पुन्हा रणजी खेळले, वय 47. प्रवीण तांबेचं आयपीएल पदार्पण एकेचाळिसाव्या वर्षी, आणि पुढच्याच वर्षी कोलकात्याविरुद्ध हॅटट्रिक. बोटांना रनअप लागत नाही. चाळिशीनंतर गावोगावचे फास्ट बॉलर अचानक ‘मी मुळात ऑफस्पिनरच होतो’ असं सांगू लागतात, त्याचं गुपित हेच.

मी मात्र सांगितलं नाही. शेचाळीस पूर्ण, डाव्या गुडघ्याला नीकॅप, अंगाला बामचा वास, तरी यंदाच्या नाईट टुर्नामेंटमध्ये लाइटखाली जाऊन टाचेनं रेघ मारली ती अठरा पावलांवर. पहिला बॉल टाकताना बाराव्या पावलालाच श्वास लागला. तो फोर गेला. मग मी स्लोअर काढला. तोही फोर गेला. स्लोअर बॉल हा फरकावर जगतो. आधी काहीतरी जोरात टाकलेलं असावं लागतं. माझे दोन्ही बॉल एकाच वेगाचे होते. बॅटिंगवरच्या एकोणीस वर्षांच्या पोराला, म्हणजे कागदोपत्री एकेचाळीस वर्षांच्या, पत्ताही लागला नाही की आपल्याला फसवण्याचा प्रयत्न झालाय.

मी ‘ग्राउंड तिकडून उतरतं आहे’ असं पुटपुटत रेघ नऊ पावलांवर आणली. वळून बघतो तर कीपर थेट स्टंपांना चिकटून उभा. वीस वर्षांपासूनचा दोस्त. ग्लोव्हज घट्ट करत दुसरीकडं बघत होता.

‘काहून बे, मागं नाही जात?’

‘तू टाक ना बाप्पा,’ तो म्हणाला.

टाकला. पोरगं तीन पावलं पुढं नाचत आलं, बॅट फिरवली, आणि मग बॉल यायची वाट बघत राहिलं. बॉल आरामात त्याच्या मागून गेला. कीपरनं बेल्स उडवल्या. स्टंप आउट! मी दोन्ही हात पसरून धावत सुटलो, त्यात पोटरी भरली, लंगडत कीपरच्या गळ्यात पडलो. तेवढ्यात माइकवाल्या भाऊचा आवाज अख्ख्या वस्तीत घुमला :

‘आणि आपल्या फिरकीपटू काकांना विकेट! जोरदार टाळ्या झाल्या पाहिजेत!’