स्टॅम्प आणला का?

‘स्टॅम्प आणला का?’ निकालाचे पेढे संपले की बारावी पास झालेल्या पोरीला तालुक्याच्या गावी सगळ्यात आधी हा प्रश्न भेटतो. टक्के किती, पुढं काय शिकणार, या चौकशा कुणी करत नाही. तिच्या हातात गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, रेशनकार्ड, तलाठ्याचा अहवाल, आधारची झेरॉक्स आणि त्या झेरॉक्सची झेरॉक्स असते. खिडकीमागचे भाऊसाहेब गठ्ठ्याला बोटही न लावता मान हलवतात. शेजारी उभ्या असलेल्या बापाची गरिबी त्यांना दिसत नाही असं नाही. पण ती शपथेवर दिसायला हवी, आणि साध्या कागदावर घेतलेली शपथ म्हणे अंगाला लागत नाही.

खरं तर सरकारी कचेऱ्यांत आणि न्यायालयांत द्यायच्या प्रतिज्ञापत्रांवरचं मुद्रांक शुल्क राज्यानं 2004 सालीच माफ केलं. 2015 मध्ये त्याच्याही पुढं जाऊन, कायद्याचं बंधन नसेल तिथं प्रतिज्ञापत्रच नको, स्वयंघोषणापत्र घ्या, असा शासन निर्णय निघाला. ऑक्टोबर 2024 मध्ये शंभराच्या मुद्रांकाच्या जागी पाचशेचा आला, पालकांनी बोंब मारली, आणि 2025 मध्ये नव्यानं जाहीर करावं लागलं की दाखल्यांसाठी हे शुल्क लागत नाही. जे आधीपासून माफ होतं, ते पुन्हा माफ झालं. दरवेळी आभाराचे फलक लागले नाहीत, हेच नशीब.

खिडकीवर मात्र एकच उत्तर: ‘तो जीआर वरचा. आमच्याकडं लागतो.’

मध्ये एक वर्ष पोरगी कापसाच्या वेचणीला गेली असेल तर आणखी मजा. त्या वर्षी आपण कुठंच शिकत नव्हतो, हे तिनं गॅप सर्टिफिकेटसाठी शपथेवर सांगायचं. न शिकल्याचाही पुरावा लागतो, आणि तोही टाईप करून, नोटरीचा शिक्का मारून.

आता हिशेब. अनुसूचित जातींच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत, 2021 च्या दरांप्रमाणे, घरून ये-जा करून साधं बी.ए. करणाऱ्या विद्यार्थ्याला वर्षाला 3,000 रुपये भत्ता आहे. महिन्याला 250. म्हणजे पाचशेचा एक स्टॅम्प घेतला की दोन महिन्यांचा भत्ता, तो मिळायच्या आधीच, संपला. या शिष्यवृत्तीसाठी घरचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत हवं. ही मर्यादा 2013 साली ठरली आणि पुढं दशकभर तिला कुणी हात लावला नाही. समजा आई आणि बाप दोघंही चारशे रुपये रोजानं जातात आणि महिन्याचे सव्वीस दिवस भरतात. वर्षाचे होतात 2,49,600. पात्र! वर चारशे रुपये शिल्लक, म्हणजे दोघांपैकी एकानं वर्षातून आणखी एक दिवस कामाला जायला सरकारची हरकत नाही. दुसऱ्या दिवशी गेला की घर धनाढ्य. तेव्हा शहाण्या आईनं मार्चअखेरीला कालनिर्णय काढून बसावं आणि मुकादमाला निरोप धाडावा, ‘दादा, आज नको, पोरीची शिष्यवृत्ती जाईल.’ मुकादमानं खूश होऊन दहा रुपये रोज वाढवला तर त्यानं दावा साधला असं समजावं. दिवाळीला बोनस दिला तर तो परत करावा, आणि परत केल्याचं प्रतिज्ञापत्र करून ठेवावं. अर्थातच पाचशेच्या स्टॅम्पवर.

गरिबीची मर्यादा वर्षानुवर्षं जागची हलत नाही आणि गरिबी सिद्ध करायच्या कागदाचा भाव एका रात्रीत पाचपट होतो, तरी कुणाला लाज वाटत नाही. बरं, तो कागद लागतच नाही! न लागणारा कागद मागायचा, तो आणायला चारशेचा रोज बुडवून आलेल्या माणसाला ‘उद्या या’ म्हणायचं, आणि उद्याचे चारशेही बुडवायचे. कोणत्या नियमानं मागितलात, हे त्या खिडकीला आजवर कुणी लेखी विचारलं? साहेब विचारत नाहीत, कारण साहेबांची मुलं त्या रांगेत नसतात. पोरगी विचारू शकत नाही, कारण सही त्याच साहेबांची हवी असते. प्रवेशाची शेवटची तारीख तेवढी सगळ्यांना पाठ असते, त्यामुळं बाप मुकाट्यानं पाचशेची नोट काढतो. ती बहुधा उसनी असते. उसनवारी उत्पन्नात धरत नाहीत, एवढीच काय ती सवलत.

एखाद्या चळवळ्या मामानं मग माहितीचा अधिकार वापरायचं ठरवलं, तर अर्जावर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावावा लागतो. दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला तो माफ आहे. फक्त अर्जासोबत तसा पुरावा जोडायचा, आणि तो कुठं मिळतो हे विचारायला मामा खिडकीवर गेले तेव्हा भाऊसाहेब जेवायला गेले होते.