टॉवर वर, सूप मांडीवर

आमच्या जुळे सोलापुरातल्या सोसायटीची पाण्याच्या टाकीसाठी बोलावलेली बैठक गणपूर्तीअभावी तीनदा तहकूब झाली. नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येतं, त्याची सवय झाली आहे. गेल्या रविवारी मात्र खुर्च्या कमी पडल्या. शेजारच्या गच्चीवर मोबाईलचा टॉवर येतोय म्हणे.

पहिल्या रांगेतले काका हातावर चुना-तंबाखू मळत उठले. त्यांची सून सहा महिन्यांची गरोदर. दुसऱ्या हातातला मोबाईल उंच धरून त्यांनी सभेला व्हिडिओ दाखवला. टॉवरच्या लहरी पोटातल्या मुलापर्यंत जातात आणि पुढं वयात आल्यावर त्याचं पुरुषत्व खलास! 'मुलाचं' म्हणजे मुलग्याचं, हे आवाजावरूनच कळत होतं.

"मालक, मुलगाच आहे हे कुणी सांगितलं?" मी विचारलं. गर्भलिंग तपासणीविरुद्ध महाराष्ट्रात १९८८ पासून कायदा आहे आणि देशात १९९४ पासून.

काका चपापले. "तसं नव्हं हो. पण झाला तर?"

दिव्याचा पत्ता नाही आणि वातीचा विमा उतरवून मोकळे! मुलगी झाली तर टॉवर चालेल का, हे विचारायचं मी टाळलं. उत्तर खरं मिळालं असतं.

तेवढ्यात व्हिडिओ अडकला आणि चाक गरगरायला लागलं. रेंज नाही. इथं एक गंमत सांगितली पाहिजे. टॉवर लांब असला की खिशातला फोन त्याला ऐकू जावं म्हणून जास्त जोरानं ओरडतो. जवळ असला की हळू आवाजात भागतं. म्हणजे टॉवर गावाबाहेर हाकलला की सूनबाईंच्या पोटाजवळ धरलेला फोन बोंब मारणार, आणि त्याच्या विरोधात ठराव कोण मांडणार? त्यावर तर व्हिडिओ बघायचा असतो.

काका अगदीच हवेत बोलत नव्हते, हेही खरं. गाभण उंदरिणींना लहरींपुढं ठेवून, पुढं त्यांच्या नर पिलांची वृषणं आणि शुक्राणू तपासायचे, असे प्रयोग झालेले आहेत. काहींत बिघाड दिसला, काहींत नाही. पण उंदीर तो केवढा आणि ॲंटेना त्याच्या पिंजऱ्याला चिकटलेली. लहरींचा पक्का ठाऊक असलेला परिणाम म्हणजे ऊब, आणि मात्रा वाढली तर चिमुकलं जनावर आख्खं तापतं. वृषणांना उष्णता सोसत नाही. ती शरीराबाहेर लोंबतात ती उगाच नव्हे, दोन-तीन अंश गारवा लागतो त्यांना. हा गारवा मे महिन्यातल्या सोलापुरात कुठून आणायचा, यावर अजून एकाही सोसायटीनं निवेदन दिलेलं नाही.

आणि टॉवरच्या लहरींची मर्यादा सरकारनं १ सप्टेंबर २०१२ पासून आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांशावर आणली. शंका असेल तर दूरसंचार खात्याच्या 'तरंग संचार' पोर्टलवर पैसे भरून मोजणी मागता येते. हे मी सांगितलं आणि वर्गणीचा आकडा विचारला. त्याच क्षणी तीन जणांना महत्त्वाचे फोन आले. रेंज नसताना.

एका ताईंनी पर्समधून फोनला चिकटवायची 'लहररोधक' चकती काढली. हा धंदा जुनाच आहे. ऑक्टोबर २०२० मध्ये राष्ट्रीय कामधेनू आयोगाच्या अध्यक्षांनी तर शेणाची चिप काढली होती. फोनमधले किरण ती कमी करते म्हणे. शेकडो शास्त्रज्ञांनी पुरावा मागितला. आमच्याकडं मागणी पुराव्याला नाही, चिपला आहे.

"अहो, पण जागतिक आरोग्य संघटनेनंच कर्करोगाच्या यादीत टाकलंय!" कुणीतरी ओरडलं. बरोबर. २०११ साली, '२ ब' गटात, म्हणजे 'कदाचित' असलेल्यांत. त्याच गटात आशियाई पद्धतीनं मुरवलेल्या भाज्याही आहेत. तंबाखू पहिल्या गटात आहे. तिथं 'कदाचित' नाही.

काकांनी चिमूट दाढेखाली सरकवली.

मला आदल्या दिवशीची बाई आठवली. शहराच्या पूर्व भागात एका दारात विड्या वळत बसली होती. मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि कापलेली पानं. पोट इतकं पुढं आलेलं की मांडी उरलीच नव्हती. सूप पोटालाच टेकवलेलं.

"अक्का, कितवा महिना?"

"आठवा की." बोटं थांबली नाहीत.

"आता तरी थांबा."

"थांबून काय करू? हजार झाले की मजुरी."

पोटात असताना आलेला संपर्क आणि मुलग्याची पुढची प्रजननक्षमता, हा काकांचा लाडका विषय. त्यात खरोखर माणसांवर अभ्यास झालेली एक गोष्ट आहे, ती म्हणजे तंबाखू. डेन्मार्क, नॉर्वे, फिनलंड, लिथुआनिया आणि एस्टोनियातल्या १,७७० तरुणांचा अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांच्या आया गरोदरपणी सिगारेट ओढत होत्या, त्यांच्या वीर्यात शुक्राणूंचं प्रमाण सुमारे एक पंचमांशानं कमी आणि वृषणंही लहान. आमच्या विडी कामगार बायका विडी वळतात, ओढत नाहीत, हा फरक मान्य. पण निकोटिनला ओठच लागतात असं नाही, ते कातडीतून आणि धुळीतूनही आत जातं. मुंबईत कर्करोग संशोधकांनी विडी वळणाऱ्यांच्या लघवीत कोटिनिन मोजलेलं आहे, म्हणजे निकोटिन पोचल्याची पावतीच. उंदरावर लहरी सोडणं सोपं आहे. उंदराला विडी वळता येत नाही.

या शहरात हजारो बायका विड्या वळतात. त्यांच्यासाठी १९६६ साली कायदा झाला, १९७६ साली कल्याण निधी आला, घरकुलं झाली, पंतप्रधान येऊन गेले. सूप मात्र मांडीवरून हललं नाही.

हे सगळं मी बैठकीत सांगितलं. दोन मिनिटं शांतता होती.

"ते कामगारांचं निराळं असतंय हो," काका म्हणाले. "त्यांना सवय असती."

अक्कांना मी टॉवरचंही विचारलं होतं. त्या हसल्या. "पायजेच की टॉवर. रेंज नसली की पीएफचा ओटीपी येईना बघा."

बैठकीत ठराव एकमतानं मंजूर. म्हणजे माझं मत मोजलं नाही. ठरावाचा फोटो ग्रुपवर टाकायचा तर सभागृहात रेंज नाही, म्हणून सेक्रेटरी चौकात गेले. तिथं जुना टॉवर आहे. ते निघण्यापूर्वी काकांनी सही केली. कागद परत आला तेव्हा त्यावर सहीच्या शेजारी चुन्याचा पांढरा अंगठा उमटलेला होता.