तक्तासाहेब, आमचा चौकोन कुठला?

रा. रा. तक्तासाहेब,
मु. पो. केसांच्या रंगाच्या खोक्याची पाठ
यांस सा. न. वि. वि.

पत्र तुम्हालाच लिहितेय. खोक्याच्या दर्शनी बाजूला केस उडवत हसणाऱ्या बाईंशी माझं भांडण नाही. हसण्याचे त्यांना पैसे मिळाले असतील, त्या हसल्या. कंपनीशीही तूर्त नाही. ग्राहक सेवेला फोन लावला तर माझा कॉल त्यांच्यासाठी किती मोलाचा आहे हे त्यांनी मला तीन भाषांत ऐकवलं. इतकं कौतुक मला माहेरीही कुणी केलेलं नाही. माझी तक्रार आहे ती तुमच्याबद्दल. डावीकडे 'आधी'चे तीन चौकोन, उजवीकडे 'नंतर'चे तीन चौकोन आणि मधे तीन बाण. काळा असो, गडद तपकिरी असो की नुसता तपकिरी, प्रत्येक बाण जाऊन पोचतो गोडशा बदामी छटेवर. पी हळद अन् हो गोरी, हे इतक्या नेटकेपणानं छापलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं.

थोडी पार्श्वभूमी सांगते. मी वाकोल्याची, नेहरू रोडच्या आतल्या गल्लीतली. पन्नाशी उलटून गेली. कानशिलांवर पांढरं, भांगात पांढरं, मागे मानेवर अजून काळं. आजवर काळा कलप लावत आले. त्याचं दुखणं कलप लावणाऱ्या प्रत्येकीला ठाऊक असतं. केस महिन्याला साधारण सेंटिमीटरभर वाढतो आणि तीन आठवडे होतात न होतात तोच भांगात पांढरी रेघ उमटते. कलप जितका काळाभोर, तितकी रेघ ठसठशीत. म्हणून आम्हा बायकांत एक सल्ला फिरत असतो, की वय झालं की रंग हलका करावा, म्हणजे मुळं डोळ्यांवर येत नाहीत. सल्ला खरा आहे. पांढऱ्या मुळाला काळ्या केसाशेजारी लपायला जागा नसते, फिक्या केसाशेजारी ते मिसळून जातं. त्यातून नणंदेच्या मुलीचा साखरपुडा मुलुंडला ठरलेला. म्हणून दुकानातून तुम्हाला घरी आणलं. 'हलका सोनेरी तपकिरी', वर ठळक अक्षरांत '१०० टक्के पांढरे केस झाकतो' आणि कोपऱ्यात 'अमोनियामुक्त'.

सगळं तुमच्या सांगण्याबरहुकूम केलं, हे आत्ताच नोंदवून ठेवते. नाहीतर चोराच्या उलट्या बोंबा सुरू व्हायच्या. कानामागे थेंबभर लावून ४८ तास वाट पाहिली. जुना गाऊन घातला, फरशीवर वर्तमानपत्र अंथरलं, कपाळाच्या कडेनं व्हॅसलीन फासलं, हातमोजे चढवले. डोक्यावरून विमानं जात होती (आमच्याकडे ती घड्याळापेक्षा नियमित जातात), त्यांच्या आवाजात मोबाइलचा गजर ऐकू येणार नाही म्हणून तो समोर उभा करून ठेवला. ह्यांना मागच्या बाजूला ब्रश फिरवायला उभं केलं. त्यांनी तो गॅलरीच्या ग्रिलला ऑइलपेंट द्यावा तशा निष्ठेनं फिरवला.

आता तुमचं ते वाक्य : 'पाणी स्वच्छ येईपर्यंत भरपूर कोमट पाण्याने धुवा.' साहेब, तुम्ही कधी वाकोल्यात आला आहात का? २६ जुलै २००५ला आमच्या सांताक्रूझ वेधशाळेनं २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला आणि वाकोला नाला न बोलावता घराघरात शिरला. भरपूर पाणी आम्हाला मिळालं ते तेव्हा. एरवी नळ ठरल्या वेळी येतो, ठरल्या वेळी जातो, मग पिंपातलं पाणी आणि मग टँकर. आमच्याकडे पाणी 'स्वच्छ येईपर्यंत' नसतं, बादली संपेपर्यंत असतं.

तर केस धुतले, पुसले, ट्यूबलाइटखाली आले. ह्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि "छान आहे" म्हणून पेपर उघडला.

छान म्हणजे कसं, ते ऐका. भांगाच्या दोन्ही बाजूंना जिथे नवे काळे केस आले होते, तिथे चिंचेनं घासलेल्या तांब्याच्या घंगाळाचा रंग. त्याच भांगातले पांढरे केस पिवळेजर्द, ट्यूबलाइटमध्ये एकेक मोजता येईल असे. आणि त्याखाली जुन्या कलपाचे, पाठीपर्यंत आलेले केस जसेच्या तसे, काळेकुट्ट. त्यांच्यावर तुमच्या सोन्याचा कणही चढला नव्हता. एका डोक्यावर तीन मजले, तिन्हींचे मालक वेगळे.

हे का झालं ते तुम्हाला नक्की ठाऊक असणार. म्हणून तर तुम्ही ते छापलं नाहीत. काळ्या केसात मेलानिन भरलेलं असतं. पेरॉक्साइड ते फोडतं, पण काळा केस एकदम बदामी होत नाही. आधी लालसर होतो, मग नारिंगी, मग पिवळा. ही वाट त्याला चुकवता येत नाही, आणि तुमचं औषध त्याला मधल्या लाल-नारिंगी स्टेशनावर उतरवून निघून जातं. केशभूषावाले केसाचा गडदपणा १ ते १० अशा पायऱ्यांत मोजतात. १ म्हणजे काळा, १० म्हणजे सगळ्यात फिका. आपल्याकडची बहुतेक डोकी एक, दोन, फार तर तीनवर. खोक्यातल्या बाटलीत वीस व्हॉल्यूमचं, म्हणजे ६ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड असतं, ते केसाला एक-दोन पायऱ्या वर नेतं. आणि तुमचा बाण काळ्या चौकोनापासून थेट पाच-सहाव्या पायरीवर! हे गणित आमच्या इमारतीतला चौथीतला मुलगाही चुकवणार नाही. टाळूच्या उष्णतेनं मुळाशी औषध जास्त जोरात काम करतं, शिवाय दिवस मे महिन्याचे. म्हणजे मुळं पेटणारच.

पांढऱ्या केसात मेलानिनच नाही. त्यात उजळवायला काही नाही. तिथे तुमचा रंग एकटाच बसतो, आणि फिक्या सोनेरी छटेत रंगद्रव्य मुळातच पातळ. म्हणून पिवळा. शेड नंबरात टिंबाच्या पुढे तीन असला तर बहुतेक कंपन्यांत तो सोन्याचा असतो. म्हणजे आधीच नारिंगी झालेल्या केसावर तुम्ही वरून सोनं ओतता. आधीच मर्कट, त्यात मद्य प्यायलं.

राहिले कलपाचे काळे केस. पार्लरवाल्या ताईंनी हे मला शेपटीच्या कंगव्यानं एकेक बट उचलून दाखवलं. वाकोला मार्केटमागच्या त्या छोट्या खोलीत त्यांनी आधी "घरचा खोका ना?" विचारलं आणि मग म्हणाल्या, "मॅडम, रंग रंगाला उतरवत नाही." केसात आधीच बसलेला कृत्रिम काळा रंग नव्या रंगानं फिका होत नाही, त्याला वेगळं काढणं लागतं. हे एक वाक्य तुमच्या पाठीवर मावलं नसतं का? आतल्या घडीपत्रकात, मुंगीलाही चष्मा लागेल अशा टायपात, तुम्ही लिहिलंय की 'आधी रंगवलेल्या केसांवर परिणाम वेगळा दिसू शकतो'. मी ते वाचलं होतं. वेगळा म्हणजे थोडा गडद असेल, असं कुणालाही वाटेल. परिणाम शून्य, याला मराठीत वेगळा म्हणत नाहीत.

ताईंनी आणखी पुष्कळ सांगितलं, सगळं फुकट. काळे केस पहिल्यांदा उजळवायचे असतील तर औषध आधी लांबीला लावतात आणि मुळांना शेवटी. तुम्ही सांगता मुळांपासून सुरुवात करा. पांढरे झाकायचे तर सोनेरी छटेत साधी नॅचरल छटा मिसळतात, नारिंगी मारायला राखेरी. आणि अर्धं डोकं पिकलेलं असेल तर सगळंच्या सगळं ग्लोबल करण्यापेक्षा पांढऱ्यांच्या मधे मधे बारीक फिक्या बटा विणतात, म्हणजे नवं मूळ त्यातच हरवून जातं. यातला शब्दही तुम्हाला अवघड नाही. पण हे छापलं तर खोका कोण घेईल?

'अमोनियामुक्त'बद्दलही ताई हसल्या. अमोनियाच्या जागी बहुतेक इथेनोलअमाइन घालतात. केसाचे खवले तेही उघडतं. फक्त नाकाला झोंबत नाही, म्हणून आपण ते सौम्य समजतो.

तुमच्या घराण्याचा इतिहासही मी चाळला. हायड्रोजन पेरॉक्साइड थेनार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानं १८१८मध्ये शोधलं. यूजेन श्युलर या तरुण रसायनशास्त्रज्ञानं १९०७मध्ये पॅरिसात केसांचा रंग बनवून विकायला सुरुवात केली, त्याचीच पुढे लॉरेआल झाली. आणि १९५६मध्ये अमेरिकेत क्लेरॉलनं एकाच झटक्यात उजळवणारा आणि रंगवणारा घरगुती रंग गाजवला, त्याची जाहिरात शर्ली पॉलिकॉफ या बाईंनी लिहिली. त्या देशात पुष्कळ डोकी भुरी-तपकिरी. तिथे डावीकडचा चौकोन पाचवर आणि उजवीकडचा सातवर, बाण दोन पायऱ्यांचा. तिथे तुम्ही खरं बोलत असाल. मग तोच तक्ता अंगाखांद्यावर घेऊन तुम्ही वाकोल्यात उतरलात, आणि अगदी डावीकडे एक काळा चौकोन चिकटवला. झालं भारतीयीकरण.

बरं, पांढरा चौकोन कुठाय? पुढच्या बाजूला १०० टक्के पांढरे केस झाकण्याची ग्वाही, आणि पाठीवर पांढऱ्या केसाचं काय होतं हे दाखवणारा एकही चौकोन नाही! काळे आणि पांढरे एकाच भांगात राहतात, हे तुम्हाला कुणी सांगितलंच नाही वाटतं. वाकोला मशिदीजवळ संध्याकाळी चहाला जमणारे काही आजोबा आहेत, मेंदीनं रंगवलेल्या नारिंगी दाढ्यांचे. मेंदीतला लॉसोन पांढऱ्या केसावर नारिंगीच चढतो, त्यांना तोच हवा असतो, ते रुबाबात बसतात. त्यांच्या पुडीवर कुणी बदामी चौकोन छापलेला नसतो.

कायद्याचा धाक दाखवला की तुम्ही सरळ वागता, हेही पाहिलं. पॅरा-फिनिलीनडायमाइन असलेला रंग आधी त्वचेवर तपासून पाहा, पापण्या-भुवयांना लावू नका, दृष्टी जाऊ शकते, हा इशारा छापणं भाग आहे. तो तुम्ही छापता, आणि त्याबद्दल मी तुमची ऋणी आहे. ज्यांना ती चाचणी न करता लावल्यानं पापण्या सुजून डॉक्टर गाठावा लागतो, त्यांच्या मानानं माझं दुःख म्हणजे नुसतं दिसण्याचं. पण नारिंगी होण्याबद्दल कायदा गप्प आहे, म्हणून तुम्हीही गप्प.

साखरपुड्याला गेले. ताईंकडे रंग काढून घ्यायचा तर अख्खी दुपार आणि साडीच्या किमतीएवढा खर्च, शिवाय केसांना एवढ्यात पुन्हा औषध नको म्हणाल्या. अंबाडा घातला, वर गजरे माळले, तरी भांग झाकत नाही. वन्सं दारातच म्हणाल्या, "वहिनी, एवढे गजरे? लग्न पोरीचं आहे." त्यांची धाकटी, कलिना कॅम्पसला शिकते, ती कौतुकानं निरखत होती. "मामी, ओंब्रे केलंस?" मग जवळ येऊन, "पण ओंब्रेमध्ये मुळं काळी आणि टोकं फिकी असतात ना?" मी म्हटलं, आमच्या तक्तासाहेबांकडे उलटा मिळतो. फोटोग्राफरनं फ्लॅश मारला तेव्हा भांग असा चमकला की नवऱ्यामुलाच्या आजीनं मला हळूच विचारलं, कुंकू सांडलं का?

म्हणून माझ्या मागण्या. डावीकडे एक चौकोन अर्धा काळा, अर्धा पांढरा छापा. उजवीकडे त्याचं जे होतं तेच छापा, तांबडा-पिवळा, ट्यूबलाइटखाली काढलेला फोटो. कलप लावलेल्या काळ्या केसाचा एक चौकोन, त्याच्यासमोर बाण, आणि बाणापुढे तोच काळा चौकोन. मग ज्या बायका घेतील त्या डोळे उघडे ठेवून घेतील. काही जणी तरीही घेतील, मला खात्री आहे. तांबडा रंग आवडणाऱ्याही असतात.

तूर्तास मुळाशी चौथा मजला उठतोय, पांढरा आणि काळा मिसळलेला. ताई म्हणतात, वाढू दे, कलपाचे काळे टोकाटोकानं कापत जाऊ, मग बघू. कापायला मी तयार आहे.

कळावे, लोभ नसला तरी चालेल.

आपली,
'परिणाम वेगळा दिसू शकतो'

ता. क. : खोक्यातली कंडिशनरची पुडी मात्र उत्तम होती. ती वेगळी विकता का?